गोळी सुरू झाली आणि पँट आखूड होईना!

मागच्या अंकात एडीएचडीवर (मुलाचं लक्ष टिकत नाही, सतत चुळबुळ आणि उतावळेपणा, तो त्रास) लिहिताना शेवटी सहज एक वाक्य टाकलं होतं, की गोळ्यांनी भूक कमी होते तेव्हा मुलांच्या उंचीवर लक्ष ठेवा. झालं! या महिन्याची निम्म्याहून जास्त पत्रं त्या एका वाक्यावर आलीत. काहींनी घाबरून लिहिलंय, काहींनी रागावून ("आधी का नाही सांगितलंत?"), आणि एक पत्र तर चक्क मुलाचं स्वतःचं आहे, ते शेवटी घेतलंय. सगळी छापणं शक्य नाही म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं काढून टाकलीत. आणि हो, इथे बसून मी कुणाच्या मुलाचा डोस बदलू शकत नाही, ते काम मुलाला समोर बसवून तपासणाऱ्या डॉक्टरांचं.

प्रश्न: मुलगा ८ वर्षांचा आहे. दहा महिन्यांपासून एडीएचडीसाठी दिवसभर चालणारी मिथाइलफेनिडेटची गोळी चालू आहे. शाळेतल्या तक्रारी जवळजवळ बंद झाल्या, वही पूर्ण होते, पहिल्यांदाच त्याला मित्र झालेत. पण डबा जसाच्या तसा परत येतो, वजन २४.५ किलो होतं ते २३.८ झालं, आणि मागच्या वर्षीची पँट अजून बरोबर बसते, आधी दर सहा महिन्यांनी आखूड व्हायची. घरच्या टेपवर दहा महिन्यांत उंची ३.५ सेंटिमीटर वाढलेली दिसते. अभ्यासाच्या नादात मी माझ्या मुलाला बुटका करतेय का?

उत्तर: ताई, ते शेवटचं वाक्य आधी खोडून टाका बरं. पँटचं निरीक्षण मात्र एकदम पक्कं आहे, बऱ्याच आयांना आकड्यांच्या आधी कपड्यांवरूनच कळतं.

आता हिशोब करू. या वयात, म्हणजे वयात येण्याच्या आधीच्या वर्षांत, मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर वाढतं. दहा महिन्यांचे धरले तर सव्वाचार ते पाच. तुमच्याकडे साडेतीन. म्हणजे पाऊण ते दीड सेंटिमीटर मागे. हे खरं आहे का तुमच्या मनाचा खेळ? बहुतेक खरंच असावं, कारण अभ्यासांतून येणारा आकडाही याच्याच आसपासचा आहे, गोळी सुरू झाल्यावर पहिली एक ते तीन वर्षं उंचीची वाढ वर्षाला साधारण एक सेंटिमीटरने कमी पडते आणि मग तो फरक हळूहळू कमी होत जातो. अमेरिकेत ५७९ मुलांवर एमटीए नावाचा मोठा अभ्यास झाला, मुलं ७ ते ९ वर्षांची होती, त्यात नव्याने औषध सुरू केलेली मुलं तीन वर्षांनी औषध न घेतलेल्यांपेक्षा साधारण २ सेंटिमीटर आणि २.७ किलोने मागे होती. म्हणजे परिणाम आहे. "काही होत नाही हो" असं कुणी म्हणालं तर ते बरोबर नाही, आणि "वाढ खुंटते" हेही बरोबर नाही, वाढ चालू असते, जरा सावकाश.

मला तुमच्या पत्रात उंचीपेक्षा वजनाची जास्त काळजी वाटली, खरं सांगते. या वयाच्या मुलाने वर्षाला दोन-तीन किलो तरी कमवायला हवेत आणि हा उलट पाऊण किलो गमावून बसलाय. आधी वजन हलतं, उंची मागून. औषधाने मेंदूतली डोपामिन आणि नॉरॲड्रेनॅलिन ही रसायनं वाढतात, त्यानेच लक्ष लागतं आणि त्यानेच भुकेचा आवाज दबतो, ही एकाच नाण्याची दुसरी बाजू आहे. त्यामुळे दुपारी डबा का खाल्ला नाहीस म्हणून रोज रागावण्यात काही अर्थ नाही, त्याला तेव्हा खरंच भूक नसते, भरल्या पोटी कुणी आग्रह केला की आपल्याला कसं होतं तसं त्याला होतं. डब्यात थोडंच द्या, पण त्यातला प्रत्येक घास वजनदार असू दे, म्हणजे सुका मेवा, चीज, अंडं असं, आणि शक्य असेल तर काहीतरी पिण्यासारखं, कारण जे चावायला नको वाटतं ते कधीकधी पिता येतं.

खरी लढाई सकाळी आणि रात्री. गोळी जेवणाआधी देत असाल तर नाश्त्याबरोबर किंवा नंतर द्या, औषधाचा असर चढायला अर्धा-पाऊण तास लागतो तेवढ्यात पोट भरून घ्यायचं. त्यासाठी वीस मिनिटं लवकर उठावं लागेल, मला माहितीय सकाळची वीस मिनिटं म्हणजे काय ते. आणि संध्याकाळी औषध उतरलं की ही मुलं अचानक भुकेने वेडीपिशी होतात, त्या वेळी "आता साडेआठ वाजले, जेवायची वेळ गेली" असं म्हणू नका, तेव्हाच तर खरं जेवण द्यायचं, आणि झोपायच्या आधी अजून एकदा काहीतरी.

एवढं करूनही महिन्या-दीड महिन्यात वजन सरकलं नाही तर पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांकडे जा. डोस कमी करणं, कमी तास चालणारी गोळी देणं, औषधच बदलणं, असे बरेच पर्याय असतात. आणि त्यांना हेही विचारा की वाढ मंदावायला दुसरं काही कारण नाही ना. थायरॉइड, सिलिॲक (गव्हातलं ग्लुटेन न सोसण्याचा आजार), रक्ताची कमतरता, दम्यासाठी बराच काळ चाललेली स्टेरॉइडं, ही सगळी कारणं गोळीच्या नावाखाली लपून राहतात, कारण गोळी चालू आहे म्हटलं की सगळे तिच्याकडेच बोट दाखवतात.

आता तो घरचा टेप. उंची मोजण्यात सहज एक सेंटिमीटरची चूक होते, म्हणजे ज्या फरकाची आपण काळजी करतोय तेवढीच! शिवाय माणूस सकाळी उंच असतो आणि दिवसभरात पाठीच्या मणक्यांमधल्या गाद्या दबून संध्याकाळपर्यंत सेंटिमीटरभर खाली येतो, मुलंही. म्हणून दर वेळी साधारण त्याच वेळेला, अनवाणी, केसांचे चाप-बुचडे सोडून, टाचा-पाठ-डोकं भिंतीला, नजर समोर सरळ (हनुवटी वर करायची नाही, सगळी मुलं करतात), डोक्यावर पुस्तक नाही तर जाड पुठ्ठा काटकोनात टेकवून रेघ मारायची, आणि हे तीनदा करून मधला आकडा घ्यायचा. मी स्वतः एकदा घाईत एका मुलीची उंची सॉक्स आणि जाड टाचेच्या चपलांसकट लिहून ठेवली होती, पुढच्या भेटीला पोरगी "आखडलेली" निघाली आणि तिच्या आईच्या तोंडचं पाणी पळालं. तर असं. आणि दर आठवड्याला मोजू नका, वेड लागेल. उंची सहा महिन्यांतून एकदा, वजन या वयात तीन महिन्यांतून एकदा, ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या मार्गदर्शनातही असंच सांगितलंय, दहा वर्षांपर्यंत वजन दर तीन महिन्यांनी. आकडा नुसता लिहू नका, ग्रोथ चार्टवर (वयानुसार उंची-वजनाच्या रेषा छापलेला तक्ता) टिंब काढून घ्या. मूल कितव्या रेषेवर आहे याला तेवढं महत्त्व नाही, ते आपली रेषा सोडून खालच्या रेषेकडे घसरतंय का हे बघायचं असतं.

प्रश्न: आम्ही नवरा-बायको दोघंही बुटके. माझी उंची १६५, बायकोची १५२. मुलगा ९ वर्षांचा, एडीएचडी पक्कं झालंय, डॉक्टर औषध सुरू करू म्हणतात. आधीच उंचीचं दुष्काळी खातं, त्यात गोळीने अजून कापलं तर? मोठेपणी किती सेंटिमीटर कमी होतील ते एकदा स्पष्ट सांगा, मग ठरवतो.

उत्तर: दादा, "दुष्काळी खातं" वाचून हसले, माफ करा. माझंही खातं तुमच्याच बँकेत आहे.

आधी दुष्काळ किती ते बघू. आईबाबांच्या उंचीची सरासरी काढायची, मुलगा असेल तर त्यात साडेसहा सेंटिमीटर मिळवायचे, मुलगी असेल तर तेवढेच वजा करायचे. तुमची सरासरी १५८.५, अधिक ६.५, म्हणजे १६५. याच्या मागे-पुढे आठ-नऊ सेंटिमीटर कुठेही तो थांबू शकतो. म्हणजे तुमच्या मुलाच्या उंचीत नुसत्या निसर्गाच्याच मर्जीने सोळा-सतरा सेंटिमीटरचा खेळ आहे, हे लक्षात ठेवून पुढचे आकडे वाचा.

हा वाद पन्नास वर्षांहून जुना आहे. १९७२ साली अमेरिकेत सेफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्यांदा लिहिलं की या औषधांवरच्या मुलांची वाढ मंदावते, आणि त्यानंतर एक अभ्यास हो म्हणतो तर दुसरा नाही. २०१४ मध्ये मिनेसोटातल्या मुलांचा अभ्यास आला, एडीएचडी असलेले ३४० आणि नसलेले ६८०, मोठे होईपर्यंत बघितले, औषध घेतल्याचा आणि मोठेपणीच्या उंचीचा संबंध दिसला नाही. लोक निवांत झाले. मग २०१७ मध्ये त्याच एमटीएवाल्या मुलांचा मोठेपणीचा हिशोब आला, मुलं पंचविशीच्या आसपास पोचली होती, आणि त्यात निघालं की ज्यांनी लहानपणापासून औषध घेतलं ते, जवळजवळ न घेतलेल्यांपेक्षा सरासरी अडीच सेंटिमीटरने बुटके, आणि घेणाऱ्यांमध्येही ज्यांनी वर्षानुवर्षं सलग घेतलं ते, अधूनमधून घेणाऱ्यांपेक्षा आणखी सव्वादोन-अडीच सेंटिमीटरने कमी. २०२३ मध्ये युरोपातला ॲड्यूस नावाचा अभ्यास, १४१० मुलं, दोन वर्षं बघितली, मिथाइलफेनिडेट घेणाऱ्यांच्या उंची वाढण्याच्या वेगात लक्षात घेण्यासारखा फरक नाही (नाडी आणि रक्तदाब मात्र थोडे वाढलेले दिसले, म्हणून तेही दर सहा महिन्यांनी बघायचे).

मग कुणाचं खरं? मला वाटतं दोघांचंही, आणि फरक डोस आणि वर्षांचा आहे. जास्त डोस, सुट्टी न घेता, लहान वयापासून दहा वर्षं, असं असेल तर दोन-चार सेंटिमीटर जाऊ शकतात, मधल्या डोसवर तीन-चार वर्षं असेल तर मोठेपणी ते सापडतीलच असं नाही. एक बारीक गोष्ट अजून. एमटीएमध्ये सुरुवातीला मुलांची वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी केली होती, पण पुढच्या वर्षांत कोण गोळी घेत राहिलं आणि कुणी सोडली हे ज्याचं त्याने ठरवलं, त्यामुळे शेवटचा सगळा फरक गोळीच्याच माथी मारता येत नाही.

तुम्ही स्पष्ट आकडा मागितलात, म्हणून माझा अंदाज: वाईटात वाईट धरलं तरी दोन ते चार सेंटिमीटर, आणि बऱ्याच मुलांत त्याहून कमी. आता हे दुसऱ्या पारड्यात काय आहे त्याच्याशी तोला, आणि तिथे माझा तराजू चालणार नाही, तुमचाच लागेल. मुलगा रस्ता न बघता धावतो का, रोज शाळेत ओरडा खातो का, "मी मूर्ख आहे" असं म्हणायला लागलाय का? की थोडा विसरभोळा आहे आणि शाळा सांभाळून घेतेय? पहिल्या घरात मी तीन सेंटिमीटरसाठी एक दिवसही थांबणार नाही. दुसऱ्या घरात आधी वागणुकीच्या मार्गदर्शनावर सहा महिने घालवायला माझी हरकत नाही.

आणि सुरू केलंत तर गोळीच्या पहिल्या दिवसाआधी उंची-वजन नोंदवा. मागच्या दोन-तीन वर्षांचे शाळेतले, लसीकरणाच्या कार्डावरचे जे मिळतील ते आकडे गोळा करा. हे बहुतेक घरांत होत नाही, मग वर्षाने भांडण सुरू, की आधीही असाच हळू वाढत होता की गोळीने झालं.

प्रश्न: सूनबाईने नातवाला डोक्याच्या गोळ्या चालू केल्यात. पोर शांत झालं पण वाळलं हो. झोपेच्या गोळीसारखंच असणार हे, मुलांना गुंगवून ठेवायचं. उंची वाढायची पावडर मिळते ती चालू करू का गुपचूप? वय ७.

उत्तर: आजी, नमस्कार. झोपेची गोळी नाही ती, उलट आहे, जागं करणारी. मेंदूतला जो भाग लगाम धरतो तो या मुलांत जरा डुलक्या घेत असतो, गोळी त्याला उठवते, म्हणून पोर शांत दिसतं. तरी पण नातू अगदीच गप्प, हसत नाही, शून्यात बघतो असं वाटत असेल तर ते सुनेला नक्की सांगा, तो डोस जास्त असल्याचा इशारा असू शकतो आणि दिवसभर घरात असणाऱ्या माणसालाच तो आधी दिसतो.

पावडर नको. पावडरने उंची वाढत नाही, डब्यावर काहीही चित्र असो. आणि गुपचूप तर काहीच नको.

तुमच्यासाठी एक मोठं काम आहे मात्र. संध्याकाळी गोळी उतरते तेव्हा त्याला सडकून भूक लागते आणि तेव्हा आईबाप दमलेले असतात. तो रात्रीचा घास तुम्ही हातात घ्या. फक्त खाताना त्याच्यासमोर "किती वाळलास रे" म्हणू नका, मुलं ते ऐकून अजून कमी खातात.

प्रश्न: मुलगी १३ वर्षांची, ११ व्या वर्षापासून एडीएचडीसाठी लिसडेक्सॲम्फेटामिनची गोळी. चार महिन्यांपूर्वी पाळी सुरू झाली. आता वाढायला किती वेळ उरलाय? शनिवार-रविवार आणि मोठ्या सुट्टीत गोळी बंद ठेवली तर राहिलेली उंची भरून निघेल का? की ॲटोमॉक्सेटिन या दुसऱ्या प्रकारच्या औषधावर जावं?

उत्तर: पाळी सुरू झाल्यावर मुली साधारण अजून ५ ते ७ सेंटिमीटर वाढतात, मुख्यतः पुढच्या दोन वर्षांत, कुणी जरा कमी कुणी जास्त. मुलींची सगळ्यात वेगवान वाढ पाळीच्या आधीच होऊन गेलेली असते. खरंच किती शिल्लक आहे हे बघायचं तर डाव्या हाताच्या पंजाचा आणि मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतात, पण ते प्रत्येकीला लागत नाही, ती आपल्या रेषेवर चालत असेल तर उगाच नको.

सुट्टीचं उत्तर जरा हिरमोड करणारं आहे. बरीच वर्षं आम्ही डॉक्टर लोक ठामपणे सांगत आलो की सुट्टीत गोळी बंद ठेवा, वाढ भरून निघते, आणि उंचीला खरोखर फटका बसला असेल तर शाळेच्या सुट्टीत ठरवून खंड घ्या असं नाइसही म्हणते. मग २०२० मध्ये ५ ते १२ वर्षांच्या मुलांवर नीट वाटणी करून केलेला अभ्यास आला, ज्यांचं वजन घसरत होतं त्यातल्या काहींना गोळीतून सुट्ट्या दिल्या, काहींना वरचं सकस खाणं, काहींवर नुसतं लक्ष ठेवलं. सुट्टी आणि खाणं, दोन्हींनी वजन वाढलं. उंचीचा वेग मात्र नुसतं लक्ष ठेवलेल्या मुलांपेक्षा वाढला नाही. यावरून मला तरी असं वाटतं की उंचीचं गणित नुसत्या पोटातून जात नाही. तरी वजनासाठी सुट्टी उपयोगी आहे, आणि मुलीला चार दिवस पोटभर जेवताना बघून तुम्हाला जे बरं वाटेल तेही काही कमी नाही.

पण सुट्टी कशाची घेताय ते बघा. तेरा वर्षांची मुलगी शनिवार-रविवारी सायकल घेऊन रस्त्यावर जाते, पोहायला जाते, मैत्रिणींशी तिची भांडणं पण तेव्हाच होतात, आणि एडीएचडी काही शाळेच्या वेळापत्रकाने चालत नाही. तिलाच विचारा गोळी नसलेला दिवस कसा जातो. काहीजणी म्हणतात मस्त वाटतं, काहीजणी म्हणतात डोक्यात बाजार भरतो. या वयात तिचं मत अर्धं तरी धरायलाच हवं.

ॲटोमॉक्सेटिनने पण पहिल्या वर्षात वजन आणि उंची जरा मागे पडतात, पण दोन-तीन वर्षांत बहुतेक सगळं भरून निघतं असं त्याच्या अभ्यासांत दिसलंय. लक्ष लागण्यावर त्याचा जोर मात्र साधारणपणे कमी असतो आणि पूर्ण असर यायला आठवडे लागतात, त्यामुळे आत्ता जे छान चाललंय ते फक्त उरलेल्या सेंटिमीटरच्या भीतीने बदलायचं का, मी तर बदलणार नाही. आणि ॲटोमॉक्सेटिन ही रोज घ्यायची गोळी आहे, तिला शनिवार-रविवारची सुट्टी चालत नाही. ग्वानफासिन किंवा क्लोनिडिन ही एडीएचडीची दुसरी औषधं घेणाऱ्यांनी तर हे खास वाचा, ती औषधं भूक मारत नाहीत हे खरं पण एकदम बंद केली तर रक्तदाब उसळतो, ती डॉक्टरांच्या सांगण्याने हळूहळूच उतरवायची.

प्रश्न: मुलगा साडेचार वर्षांचा, प्रचंड वात्रट, बालवाडीतून दोनदा काढलं. औषध लगेच चालू करावं का? उंचीला धोका किती?

उत्तर: या वयात धोका जास्त. शाळेत जाण्याआधीच्या वयाच्या मुलांवर अमेरिकेत एक अभ्यास झाला होता, त्यात वर्षभर मिथाइलफेनिडेट घेणाऱ्या मुलांची उंची अपेक्षेपेक्षा साधारण २० टक्के कमी वाढली आणि वजन तर अपेक्षेच्या निम्म्याहूनही कमी. २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना मंजुरी देणारी सरकारी संस्था) दिवसभर चालणाऱ्या या सगळ्या गोळ्यांच्या माहितीपत्रकात सहा वर्षांखालच्या मुलांमध्ये वजन घटण्याचा इशारा घालायला लावलाय, आणि त्या वयासाठी त्या मंजूर पण नाहीत. म्हणून आधी आईबाबांचं प्रशिक्षण, म्हणजे मुलाशी कसं वागायचं याचे रीतसर वर्ग. "आम्हाला कसलं शिकवता, मुलाला सुधारा" असं वाटतं सगळ्यांना, मलाही वाटलं असतं. पण या वयात तोच पहिला उपचार आहे. अगदीच निभत नसेल तरच औषध, लहान डोस, कमी तासांचं, आणि वजन अगदी काटेकोरपणे बघत.

प्रश्न: सगळे कमी वजनाचं रडतात, माझ्या मुलाने १४ व्या वर्षी गोळी सोडली आणि दीड वर्षात सुटलाय नुसता. हे कसं?

उत्तर: होतं असं, आणि याबद्दल फार कुणी बोलत नाही. २०१४ मध्ये अमेरिकेत १,६३,८२० मुलांच्या नोंदी तपासल्या होत्या, औषध घेणाऱ्यांचं वजन लहानपणी उंचीच्या मानाने कमी आणि मग किशोरवयात उसळी मारून इतरांच्या पुढे. वर्षानुवर्षं दाबलेली भूक मोकळी झाली, शिवाय हाताला येईल ते खाण्याचा उतावळेपणा एडीएचडीचाच. रागावू नका, आणि रात्री उशिरा भरपेट जेवायची जी सवय गोळीच्या काळात आपणच लावली ती आता हळूच मागे घ्या, ती तेव्हा बरोबर होती, आता नाही.

प्रश्न: मी १५ वर्षांचा आहे. ८ वर्षांचा असल्यापासून गोळी घेतो. वर्गात मी सगळ्यात बुटका आहे, मुली पण माझ्यापेक्षा उंच आहेत. लटकलो, उड्या मारल्या, काही झालं नाही. मी इंटरनेटवर वाचलं की गोळीने उंची थांबते म्हणून तीन महिने झाले मी गोळी तोंडात धरतो आणि बाथरूममध्ये फ्लश करतो. घरी माहीत नाही. आता वाढेन का? इंजेक्शन असतं ना उंचीचं? आईला कळेल असं उत्तर देऊ नका प्लीज.

उत्तर: तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तुझी ओळख पटेल असं सगळं काढलंय, निर्धास्त वाच.

उंचीबद्दल तू विचारतोयस ते अजिबात फालतू नाही. सात वर्षं गोळी घेतल्यावर एक-दोन सेंटिमीटरचा फरक पडलेला असू शकतो. पण एक-दोन सेंटिमीटरने कुणी वर्गात सगळ्यात बुटका होत नाही रे. जास्त शक्यता ही, की तुझं घड्याळ उशिरा चालतंय. मुलांचं वयात येणं ९ ते १४ मध्ये कधीही सुरू होतं, आणि खरी उसळी, वर्षाला नऊ-दहा सेंटिमीटरवाली, त्यानंतर साधारण दोन वर्षांनी येते. ज्याचं अकराव्या वर्षी सुरू झालं तो आत्ता तुझ्यापुढे ताडासारखा उभा आहे, आणि कदाचित त्याचं संपत पण आलंय. ऑस्ट्रेलियात मुलांवर एक छोटा अभ्यास झालाय त्यात बरीच वर्षं औषध घेणारी मुलं चौदा-पंधराच्या सुमाराला वयात येण्यात इतरांच्या जरा मागे दिसली, म्हणजे गोळीचाही थोडा वाटा असू शकतो, पण उशीर वेगळा आणि थांबणं वेगळं. बाबांना विचार ते कधी उंच झाले, "कॉलेजात गेल्यावर एकदम" असं उत्तर आलं तर तुझं अर्धं कोडं सुटलं.

आवाज फुटायला लागलाय का, काखेत केस, खाली वाढ दिसतेय का? यातलं चौदा पूर्ण होईपर्यंत काहीच सुरू झालं नसेल तर ते डॉक्टरांना दाखवायलाच हवं, गोळी असो वा नसो. ते तपासतील, हाताचा एक्स-रे काढतील, आणि किती वाढ शिल्लक आहे ते बऱ्यापैकी सांगता येईल. लाज वाटेल, पाच मिनिटांची असते. वाढीचं इंजेक्शन असतं पण ते शरीरात ते हार्मोन कमी असणाऱ्यांसाठी आणि काही ठराविक आजारांसाठी, गोळीमुळे मागे पडलेल्या सेंटिमीटरसाठी नाही. आणि लटकून उंची वाढत नाही, दंड होतील चांगले.

आता फ्लशचं. मी नीतीचा धडा देणार नाहीये, मला वेगळीच भीती आहे. तुझ्या डॉक्टरांच्या कागदावर तू रोज गोळी घेतोयस. तुझं लक्ष लागत नाही, मार्क घसरलेत, मग ते काय म्हणणार? डोस कमी पडतोय, वाढवू. आणि मग एखाद्या दिवशी आई समोर उभी राहून गोळी गिळायला लावणार आणि तीन महिने काहीच न घेतलेल्या तुझ्या अंगात एकदम वाढवलेला डोस जाणार. छातीत धडधड, हातपाय थरथर, रात्रभर जागा. हे झालेलं मी बघितलंय.

दुसरं म्हणजे हे गुपित तुझ्याच उपयोगाचं आहे, ते असं वाया घालवू नकोस. तीन महिने तू गोळीशिवाय राहिलास, तेव्हा वर्गात काय झालं, घरी काय झालं, भूक किती वाढली, झोप कशी होती, हे तुला माहितीय आणि दुसऱ्या कुणाला नाही. कदाचित तुला आता गोळी लागतच नसेल, काहींना पंधरा-सोळाला खरंच लागत नाही. कदाचित कमी डोस पुरेल, कदाचित दुसरं औषध. पण हे ठरवायला डॉक्टरांना ती खरी माहिती लागेल. पुढच्या वेळी गेलास की सांग "मला पाच मिनिटं एकट्याला बोलायचंय", तुझ्या वयाच्या मुलांना तसं बोलू देतात, आईला बाहेर बसायला सांगणं त्यांच्यासाठी रोजचं आहे. आईला लगेच सांगू नका असंही तू त्यांना म्हणू शकतोस, काय गुप्त राहील आणि काय नाही ते आधीच विचारून घे. तोंडाने बोलवेना तर हेच पत्र मोबाइलवर उघडून त्यांच्यासमोर धर. तोपर्यंत गोळी स्वतःहून परत सुरू करू नकोस, आणि भेट महिनाभर लांब असेल तर आधी फोन करून लवकरची वेळ माग. आणि शेवटची गोळी नक्की कधी पोटात गेली ती तारीख साधारण तरी आठवून ठेव, त्यांचा पहिला प्रश्न तोच असणार आहे.